फ्रिज घ्यायचा आहे पण दार कोणतं घ्यावं? आईचे गुडघे, म्हशीचं दूध अन् सव्वादोन फुटाची चौकट

कपाशीवाला, दारव्हा तालुका

नमस्कार मंडळी, खेड्यातून लिहून राहिलो. फ्रिज घ्यायचा आहे, अन् यवतमाळला दोन दुकानं फिरून आल्यापासून काहीच सुचेना झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचून सल्ला द्या.

घरी जुना एका दाराचा आहे, 190 लिटरचा, लग्नात आलेला, चौदा वर्षं झाली. चालते अजून, पण दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलं आहे. रात्री पाणी प्यायला उठलो की तिथली फरशी पायाला गार लागते, म्हणजे थंडी सगळी बाहेर जाऊन राहिली. मशीन बंद होतच नाही, सारखी गुरगुर चालू.

घरात आम्ही सहा जण. दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालून घरी तीनेक लिटर उरते, ते एका मोठ्या गंजात (पातेल्यात) तापवून ठेवतो, शिवाय दह्याचा गंज, सायीचा डबा, ताकाची बरणी, कणकेचा गोळा, सांबार (कोथिंबीर), मिरच्या, भेदरं (टमाटे). अन् आमच्या घरचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तुरीचे सोले. पुसात (पौषात) घरच्या तुरीच्या शेंगा आणतो, सगळे बसून पाच-सहा किलो सोले काढतो की वर्षभर भाजी करता येईल, पण जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या खणात ते होळीपर्यंतही नीट राहत नाहीत, त्यांची एकच ढेप होते अन् भाजीला वास येते. मागच्या साली अर्धे म्हशीला टाकले. आईला फार वाईट वाटलं, कारण तिनंच बसून सोलले होते.

आईचे दोन्ही गुडघे गेले आहेत. एकाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं उकिडवं बसायला मना केलं आहे. फ्रिज सगळ्यात जास्त तीच उघडते.

आता प्रश्न. बायकोनं तिच्या भावाकडे साईड बाय साईड (शेजारी शेजारी दोन उभी दारं असलेला) पाहिला, तिला तो फार आवडला. दुकानदार म्हणते दोन दाराचा घ्या, वर फ्रीझर, सगळे तोच नेतात. एका ठिकाणी फ्रीझर खाली असलेला पण दाखवला. मोठा भाऊ म्हणते एका दाराचाच घे, लाईन जाते आपल्याकडे, महागाचा काय करतो. बजेट चाळीस हजारापर्यंत आहे, कापसाचे पैसे आले आहेत तोवर घेऊन टाकायचा. ओट्याच्या खोलीची चौकट सव्वादोन फुटाची आहे. कोणतं दार घ्यावं?

फ्रिज-कूलर मिस्त्री, मूर्तिजापूर भाग

दादा, वीस वर्सं झाले हेच काम करून ऱ्हायलो, सांगतो ते नीट वाचजा.

पयले तुमच्या सोल्याचं. एका दाराच्या फ्रिजमंदी बर्फाचा खण त्याच दाराच्या आत ऱ्हायते. पोरगं पाण्याची बाटली काढाले दार उघडते, तवा त्या खणालेही गरम हवा लागते. उन्हाळ्यात दिवसातून पन्नास खेपा दार उघडलं तं पन्नास खेपा लागते. हवेतली वाफ तिथं बर्फ होऊन बसते, भिताडावानी जाड. मंग कोणीतरी डिफ्रॉस्टचं बटन दाबते, बर्फ वितळते, सोले अर्धे पातळ होते, पुन्हा मशीन चालू झाली का पुन्हा गोठते. असं चार-पाच डाव झालं का ढेपच होनार. त्यात तुमच्या सोल्याचा दोष नाई अन् मायच्या हाताचाही नाई. साल साल ठेवाचं असन तं फ्रीझरले सोताचं दार पाहिजे अन् आत उणे 18 डिग्री टिकली पाहिजे. म्हनजे एका दाराचा विषय तिथंच संपला, भावाले सांगजा.

पन भाऊ म्हनते ते येकदम चूक नाई. एका दाराचे बहुतेक डायरेक्ट कूल ऱ्हायते, त्यात पंखा नाई, हीटर नाई, बर्फ आपोआप जमते. लाईन गेली तं तोच जमलेला बर्फ काही वेळ थंडी धरून ठेवते. दोन दाराचे फ्रॉस्ट फ्री, त्यात पंखा थंडी फिरवते, बर्फ जमू देत नाई, म्हनून लाईन गेल्यावर आधार कमी. त्याले इलाज सोपा हाय. फ्रीझर रिकामा ठेवू नका. जागा उरली तं पान्याच्या बाटल्या भरून ठेवजा, तोंडापासून चार बोटं रिकाम्या, नाई तं फुटते. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता दोन दिवस थंडी धरते असं म्हनते, अर्धा भरलेला एक दिवस, अन् खालच्या फ्रिजचं साधारण चार तास. पन हे हिशेब आपल्या मे महिन्याचे नाई, घरात 40 डिग्री असली तं कमीच धरजा. दूध पयले पाहजा, मंग बाकी.

आता साईड बाय साईड. तो 90 सेंटिमीटर रुंद येते, म्हनजे तीन फूट. खोली दारासकट 70 च्या वर. तुमची चौकट सव्वादोन फूट म्हनजे 68 सेंटिमीटर अन् वर काही. दारं काढल्याबिगर आत जात नाई. अन् तुमच्या बजेटच्याही वर जाईन. वहिनीले म्हना राग नका येऊ देऊ.

दुकानात जाल तवा सोबत दहाची नोट नेजा. दाराच्या रबरात धरून दार लावाचं अन् नोट ओढाची. अडकली पाहिजे, सरसर निघाली तं तिथून थंडी जाते. चारी कोपऱ्यात पाहाची, घरच्या फ्रिजलेही लावून पाहा. अन् तुमच्या जुन्याचं रबर बदलून भेटते बरं, त्यासाठी तो भंगारात देऊ नका.

संत्राबागेतली, वरूड

दादा, माझ्याकडे साईड बाय साईड आहे, तीन वर्षं झाली, म्हणून खरं काय ते सांगते. वहिनींना पण वाचायला द्या.

चांगलं आधी सांगते. अर्धंच दार उघडावं लागतं, त्यामुळे समोर जागा कमी लागते. फ्रीझर उभा असतो, सोले, मटार, किसलेलं खोबरं सगळं डोळ्यासमोर दिसतं, वाकावं लागत नाही. माझे सोले पुढच्या पुसापर्यंत हिरवेगार राहतात, हे अगदी खरं. मृग बहाराची संत्री पण थोडी ठेवते, पाडव्यापर्यंत पुरतात.

पण आत हात घातल्यावर कळतं की प्रत्येक बाजू अरुंद आहे. बाहेरून कपाटासारखा दिसतो, पण आतून मधे भिंत आहे ना. फ्रीझरची बाजू तर एवढी अरुंद की आमचा कोपर, म्हणजे परात, आडवा सोडा, तिरपा पण जात नाही. पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री पुरणाचा गंज हातात धरून मी दारासमोर उभी, इकडून घालून पाहिला, तिकडून घालून पाहिला, शेवटी जाऊबाईंनी चार डबे धुऊन आणले अन् पुरण वाटून ठेवलं. गरम पुरण डब्यात भरताना हात भाजला तो वेगळाच. ज्यांच्या घरी छोटे छोटे डबे असतात त्यांच्यासाठी ठीक आहे, आपल्याकडे गंजानं काम चालतं.

दुसरं, आमच्याकडे पण आत न्यायला दारं काढावी लागली. आणून देणाऱ्या पोरांनी अंगणात दारं काढली, आत बसवली अन् घाईत निघून गेले. नंतर पाहते तर एक दार दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. शहाबादी फरशी आहे, ती सपाट नाही, अन् एवढा रुंद फ्रिज थोडा जरी कलला तरी दारं खालीवर दिसतात अन् एक नीट लागत नाही. तीन वेळा फोन केला तेव्हा माणूस आला, त्यानं समोरचे पाय फिरवून सारखं केलं, दहा मिनिटांचं काम होतं. तोवर आठवडाभर मी रात्री दाराला पाटा टेकवून ठेवत होते.

सहा जणांचं घर अन् म्हशीचं दूध असेल तर मी तरी घ्या म्हणणार नाही. त्याच पैशात दोन दाराचा मोठा येतो अन् पैसे उरतात.

शाळा आणि स्वयंपाक, हिंगणघाट तालुका

कपाशीवाले दादा, तुमच्या आईंचं वाचलं म्हणून मुद्दाम लिहितेय, एरवी मी इथे फक्त वाचते.

आमच्या सासूबाईंचे पण गुडघे असेच आहेत. पाच वर्षांपूर्वी आम्ही खाली फ्रीझर असलेला घेतला आणि त्या घरात फक्त मीच म्हणत होते की हाच घ्या, बाकी सगळे म्हणत होते की असा कुठे असतो का, फ्रीझर वरच असतो. घ्यायच्या आधी मी एक काम केलं होतं. जुन्या फ्रिजच्या दाराला शाळेतली एक वही आणि पेन दोऱ्यानं अडकवून ठेवली आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं, फ्रिज उघडला की वरच्या ओळीत रेघ, फ्रीझर उघडला की खालच्या ओळीत रेघ. रविवार होता, सगळे घरी. रात्री मोजल्या तर फ्रिजच्या 46 आणि फ्रीझरच्या 3. त्या 46 मधल्या निम्म्याहून जास्त सासूबाईंच्या, कारण त्यांच्या रेघा वाकड्या येतात, ओळखू येतात.

आता बघा, फ्रीझर वर असला की फ्रिजचा भाग खाली जातो. भाजीचा ट्रे तर पार जमिनीजवळ. म्हणजे दिवसातून तीन वेळा लागणारी वस्तू डोळ्यासमोर आणि चाळीस वेळा लागणारी गुडघ्याखाली. सांबार काढायला वाका, मिरची काढायला वाका, दुधाचा भरलेला गंज खालच्या कप्प्यातून वाकून उचला, तो तर सगळ्यात वाईट, कारण वाकून वजन उचललं की गुडघा आणि कंबर दोन्हीवर येतं. फ्रीझर खाली घेतला की हे सगळं कमरेच्या वर येतं. सासूबाई आता गंज कमरेच्या उंचीवर ठेवतात, सरळ उभ्या राहून काढतात.

एक सांगायला हवं. अगदी वरचा कप्पा त्यांच्या हाताला येत नाही, त्या बुटक्या आहेत. तिथे मी लोणच्याच्या बरण्या आणि औषधं ठेवते. आणि फ्रीझरचं काही काढायचं तर मी किंवा मुलगी काढते, किंवा त्या छोट्या स्टुलावर बसून खण ओढतात.

फ्रिज-कूलर मिस्त्री, मूर्तिजापूर भाग

मॅडमचं वहीचं लय आवडलं. पन दोन गोष्टी मी सांगतो. खाली फ्रीझरवाले आपल्या भागात कमी विकते, म्हनून दुकानात एखादाच मॉडेल ऱ्हायते, भाव सुटत नाई, अन् त्याचं दार-रबर-खण काही तुटलं तं पार्ट यायले येळ लागते. वर फ्रीझरचे पार्ट मी त्याच दिवशी आनतो. दुसरं, खालच्या फ्रीझरमंदी खण ऱ्हायते, आडव्या ड्रॉवरवानी. दहा किलोचं मोठं बोचकं ठेवाचं म्हनलं तं तिथं जमत नाई.

गुडघ्याचं मात्र मॅडमचं शंभर टक्के बरोबर. माझी मायही वाकूनच गेली.

शाळा आणि स्वयंपाक, हिंगणघाट तालुका

मिस्त्रीदादा, बोचकं कशाला ठेवायचं? सोले उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकायचे, लगेच काढून थंड पाण्यात, मग चाळणीत निथळून सुती कापडावर पूर्ण कोरडे करायचे. अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या, हवा दाबून काढायची आणि पिशवी हातानं थापून पोळीसारखी पातळ करून ठेवायची. पातळ असली की लवकर आणि सगळीकडून सारखी गोठते, दाणे मोकळे राहतात, ढेप होत नाही. एका वेळची भाजी म्हणजे एक पिशवी, उरलेल्याला हात लागत नाही. उकळून घेतलं की रंग टिकतो आणि तो जुनाट वास येत नाही. पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या की सहा किलोच्या बारा पिशव्या एका खणात बसतात. पार्टचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमचा एक खण तडकला होता तेव्हा महिनाभर थांबावं लागलं.

खारपाणपट्टा, दर्यापूर

दारातून थंड पाणी अन् बर्फ देणारे जे फ्रिज असतात त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. आमचा पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा, बोअरचं पाणी खारं. नातेवाइकांनी पाण्याच्या नळीचं कनेक्शन असलेला घेतला, फिल्टर सारखा चोंदते, बर्फ पांढरट होते, नळीत क्षार बसते, शेवटी कनेक्शन बंद करून टाकलं. तुमच्याकडे पाणी गोड असलं तरी खेड्यात चोवीस तास दाबानं नळ कुठं येते. दारात टाकी असलेला येते, हातानं भरायची, तो चालते, पण टाकी धुवावी लागते अन् दाराचं वजन वाढते. माठाचं पाणी प्या, चांगलं लागते.

अजून एक, आमच्या इकडे फरशी पुसायचं पाणीही खारंच, फ्रिजचे पाय अन् खालचा पत्रा गंजते. प्लास्टिकचा स्टँड घ्या.

कपाशीवाला, दारव्हा तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोनं वरूडच्या ताईंचं दोनदा वाचलं अन् म्हणाली, पुरणाचा गंज जात नसेल तर नको. तिनं स्वतःच म्हटलं, मला बोलायचं कामच पडलं नाही.

काल आम्ही पण वही लावली. आमचे 52 अन् फ्रीझरचे 4, त्यातले 3 पोराचे, तो बर्फ चघळते.

आता जागेचं सांगतो. ओट्याच्या खोलीत फ्रिज जिथं ठेवायचा तो कोपरा आहे, समोर उभं राहिलं की उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला ओटा. मागची भिंत पश्चिमेची आहे, दुपारी तापते. कोपरा तीन फुटाचा. जुना फ्रिज भिंतीला चिकटून होता, दार अर्धंच उघडायचं अन् भाजीचा ट्रे कधीच पूर्ण बाहेर आला नाही, आई चौदा वर्षं त्यातून तिरपा हात घालून भाजी काढत आली. हे मला काल माप घेताना दिसलं. रोज पाहत होतो पण कधी लक्षात आलं नाही, फार वाईट वाटलं.

मिस्त्रीभाऊ, नवीन पण तसाच अडकेल का? दार डावीकडून उघडते की उजवीकडून हे बदलून भेटते का?

फ्रिज-कूलर मिस्त्री, मूर्तिजापूर भाग

दादा, वाईट वाटून घेऊ नका, शंभर घरी जातो तं सत्तर घरी हेच दिसते. फ्रिज कोपऱ्यात ढकलून देते अन् मंग ट्रे तुटला म्हनून मले बलावते.

आपल्याकडे येते त्या बहुतेक फ्रिजचे बिजागरं उजव्या हाताले ऱ्हायते, धराची जागा डाव्या हाताले. तुमचा ओटा डाव्या हाताले हाय, म्हनजे दार उघडलं का ते भिंतीकडे जाते अन् ओट्याकडची बाजू मोकळी. ही जागा बरोबर हाय, दार बदलाची गरज नाई. कोनाच्या घरी ओटा उजव्या हाताले असला तं दार मधात येते, हातात गंज घेऊन पुरा फेरा माराव लागते, त्याईनं घेतानाच विचाराचं का बिजागरं दुसऱ्या बाजूले लावता येते का. काही मॉडेलमंदी तशी सोय ऱ्हायते, नसली तं मागून करून भेटत नाई.

तुमाले फक्त भिंतीपासून जागा सोडाची हाय. दार काटकोनात उघडलं तं ट्रे निघत नाई, कारन दाराच्या आतले बाटलीचे कप्पे ट्रेच्या आड येते. काटकोनाच्या पुढं उघडलं पाहिजे. फ्रिज 60 सेंटिमीटरचा घेतला तं तुमच्या तीन फुटात 30 उरते. भिंतीकडे एक वीत सोडा, ओट्याकडे चार बोटं. एवढ्यात जमून जाते. तरी दुकानात त्याच मॉडेलचं दार उघडून, ट्रे ओढून, टेपानं मोजून घेजा, कारन दाराची जाडी येगळी येगळी ऱ्हायते.

पश्चिमेची भिताड मात्र मले पटली नाई. फ्रिजच्या मांगं स्टिकरवर इंग्रजी टी अक्षर पाहजा, त्याचा अर्थ भोवतालच्या 43 डिग्रीपर्यंत चालाले बनवला हाय. एन लिहिलं असन तं 32 पर्यंतच. आपल्याकडे मे महिन्यात बाहीर 45 जाते, अन् तापलेल्या भिताडीजवळ अजून वर. मशीनले गरमी बाहीर फेकाले जागाच नसली तं ते फेकन कुठं? मांगंही चार-सहा बोटं सोडा, वरून काही झाकू नका. लोकं वर जाजम टाकते, त्यावर डबे ठेवते, तसं नाई कराचं. जमलं तं त्या भिताडीले बाहेरून चुना मारजा, सोपा उपाय हाय.

स्टॅबिलायझरचं: इन्व्हर्टर कंप्रेसरवाले, म्हनजे मशीनचा वेग कमी-जास्त होते ते फ्रिज बनवनारे, म्हनते गरज नाई, किती व्होल्टपासून कितीपर्यंत चालते ते स्टिकरवर लिहिलेलं ऱ्हायते. गावठाण फीडरवर, म्हनजे गावातल्या घराईच्या लाईनीवर, घर असलं तं बहुदा जमते. शेतातल्या घरी पंपाच्या लाईनीवर ठेवत असान तं माझं म्हननं हाय का लावाच.

आरोग्याचं काम करणारी, ब्रह्मपुरी तालुका

दारावर एवढं बोलणं चाललंय तर मागच्या बाजूचं पण एक सांगून ठेवते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजच्या मागे खाली, मशीनजवळ, पाणी साचायचा ट्रे असतो. बर्फ वितळून ते पाणी तिथं येते अन् मशीनच्या गरमीनं उडून जाते, पण पावसाळ्यात सगळं उडत नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आम्ही घरोघरी पाहणी करतो तेव्हा टाक्या, टायर, कूलर सगळे दाखवतात, फ्रिजच्या मागे कोणी पाहूच देत नाही, म्हणतात तिथं कुठलं पाणी. मागच्या पावसाळ्यात एका घरात तिथंच अळ्या सापडल्या. आठवड्यातून एकदा पाहत जा. म्हणून पण मागे जागा सोडा, म्हणजे हात जाईल. एका दाराच्या फ्रिजला पण तसाच ट्रे असतो बरं.

कपाशीवाला, दारव्हा तालुका

मंडळी, फ्रिज ठरवून आलो आज. कसं झालं ते सांगतो.

आईला सोबत नेलं. ती नको म्हणत होती, मला काय समजते त्यातलं म्हणे. घरून दुधाचा तोच गंज नेला, पिशवीत घालून. दुकानात पोहोचल्यावर मी दुकानदाराला म्हटलं, यात पाणी भरून द्या. तो पाहतच राहिला, पण माणूस चांगला, पोराला सांगून भरून दिलं.

आधी वर फ्रीझर असलेल्या दोन दाराच्या समोर आईला उभं केलं. तिनं गंज खालच्या कप्प्यात ठेवला अन् काढायला वाकली तेव्हा एक हात गंजाला अन् दुसरा आपोआप गुडघ्यावर गेला. पाणी सांडलं थोडं. मग मधल्या कप्प्यात ठेवून पाहिला, तिथं उंची पुरत नव्हती, कप्पा सरकवला तर वरचा कामाचा राहत नव्हता.

मग खाली फ्रीझरवाला. आईनं दार उघडलं, गंज ठेवला, मागं सरकली, पुन्हा उचलला. दोन्ही हात गंजालाच होते. अजून एकदा ठेवला, अजून एकदा उचलला. मी काहीच बोललो नाही. ती म्हणाली, हाच बरा आहे बाबू, याच्यात माझं मीच करू शकते.

भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर आला. दहाची नोट चारी कोपऱ्यात लावली, अडकली. मागं टी लिहिलं आहे. रुंदी 60, खोली 67, म्हणजे चौकटीतून निघते. बजेटच्या अडीच हजार वर गेलं, दुकानदारानं प्लास्टिकचा स्टँड अन् पहिल्या वर्षी खण तुटला तर मागवून द्यायचं बिलावर लिहून दिलं, हे मॅडमचं वाचलं म्हणून सुचलं. विजेच्या स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट अन् कोणत्या सालचं लेबल आहे ते पण पाहिलं, एक जरा जुन्या लेबलचा पाच स्टारवाला स्वस्त देत होता, पण नव्या मोजणीत तो तेवढा भरत नाही हे त्यानंच कबूल केलं.

जुना ओसरीत ठेवतो, फक्त उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांसाठी. पोरं अन् मजूर त्यातूनच पाणी घेतील, म्हणजे आतला सारखा उघडावा लागणार नाही. बाकी महिने बंद. मिस्त्रीभाऊ, त्याचं रबर लागेल, मॉडेल नंबर दाराच्या आतल्या बाजूला आहे, पाठवू का?

फ्रिज-कूलर मिस्त्री, मूर्तिजापूर भाग

पाठवजा, सोबत जुन्या रबराच्या एका कोपऱ्याचा फोटोही पाठवजा, खाचा दिसाले पाहिजे. अन् बंद ठेवाल तवा दार पक्कं लावून ठेवू नका, आत बुरशी येते. मधात कापडाची घडी अडकवून ठेवा. पन लहान पोरं असन तं दार दोरीनं बांधा, कोनी आत शिरू नये.

नवा फ्रिज गाडीत आडवा टाकून आनला असन तं लगेच चालू करू नका. उभा करून चार-पाच घंटे राहू द्या, मंग लाईन द्या. अन् पयल्या दिवशी गरम दुधाचा गंज आत ठेवू नका, मायले सांगजा, निवू द्या.

कपाशीवाला, दारव्हा तालुका

शनिवारी येते फ्रिज. उद्या बाहेरून चुना मारून घेतो भिंतीला.